डबा भरायला एवढा वेळ का लागतो?

आम्ही घाटकोपर, भांडुप, मुलुंड भागातले बचत गट.

आज आम्ही एका छोट्या यंत्राबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत मधोमध ठेवतो ना, तो मेमरी कार्डवर चालणारा एमपीथ्री प्लेयर. दुकानदार त्याला काहीही म्हणू देत, आमच्या गटांत त्याचं नाव ‘डबा’. महिन्याच्या सुरुवातीला कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरून तो भरून न्यायचा आणि महिनाभर बैठकीत थोडा थोडा उघडायचा, म्हणून डबा.

तुम्ही म्हणाल, रेडिओ असताना डबा कशाला? तर त्याचं असं आहे. आपल्या देशात २००६ साली सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. साताऱ्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ एफएमवर लागते. आमच्याकडे उपनगरात कालिन्याला मुंबई विद्यापीठाचं १०७.८ वरचं केंद्र आहे. पण या केंद्रांची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. मधे डोंगर किंवा उंच इमारती आल्या तर त्याहून कमी. शिवाय कार्यक्रम लागतो तेव्हा आपण लोकलमध्ये असतो, नाहीतर चुलीपुढे. म्हणून भाषणं, माहिती, ओव्या सगळं डब्यात भरून ठेवायचं आणि आपल्या वेळेला ऐकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर डबा म्हणजेच मासिक.

हा डबा भरताना कॉम्प्युटर एकदम गोगलगाय होतो, ही तक्रार आमच्याकडे दर महिन्याला येते. हिरवी पट्टी ९९ टक्क्यांवर जाते आणि थांबते. माउस हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, “हँग झालाय, काढ ती वायर.”

आम्हीही एकदा अशीच वायर काढली. काय झालं ते आधी सांगतो, मग उपाय सांगतो.

आमच्या एका गटात जुन्नरकडच्या एक आजी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ. एका दुपारी आम्ही त्यांच्या सहा ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि कॉम्प्युटरवर घेतल्या. पुढे ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होती. सगळ्या गटांचे डबे एकाच दिवशी भरायचे होते. गर्दी, घाई. मोबाइलमध्ये जागा हवी होती म्हणून त्यातलं रेकॉर्डिंग आधीच पुसून टाकलेलं. कॉम्प्युटरवरही जागा कमी होती, म्हणून एकीने ओव्या ‘कट’ करून डब्यात ‘पेस्ट’ केल्या. पट्टी शेवटाला जाऊन थांबली, ती थांबलीच. पाच मिनिटं वाट पाहिली आणि वायर ओढली.

डबा चालू केला तर चार ओव्या वाजल्या. पाचवी अर्ध्यावर तुटली. सहाव्या फाइलचं नाव दिसत होतं, आत आवाज नव्हता. कॉम्प्युटरवर बघितलं, तिथेही नाही. रिसायकल बिनमध्येही नाही. आजी तोवर गावी गेल्या होत्या. परत आल्यावर आम्ही त्यांना पुन्हा गायला बसवलं. पाचवी त्यांनी म्हटली. सहावी, भावाची, त्यांना आठवेना. म्हणाल्या, “जात्यावर बसलं की ओवी सुचते गं. इथं जातं कुठाय?”

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांत बायकांबरोबर काम करून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या वाचायला-ऐकायला मिळतात. एवढं मोठं काम आपल्याला जमणार नाही. पण आपल्या गटातल्या सहा ओव्या सांभाळणं आपल्या हातात होतं, आणि त्यातली एक आमच्या घाईपायी गेली. त्यानंतर आम्ही हा विषय नीट शिकून घेतला. तेच आज सांगतोय.

पट्टी संपते, काम संपत नाही

आधी ९९ टक्क्यांचं कोडं सोडवू. बैठकीत आपण हिशेब कसा लिहितो? सगळ्या जणी पैसे देत असतात तेव्हा सचिव भराभर कच्च्या वहीत टिपून घेते. मग सावकाश पक्क्या वहीत उतरवते. कॉम्प्युटरही तेच करतो. फाइल आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मरणात, म्हणजे रॅममध्ये घेतो. ते काम झटपट होतं, म्हणून पट्टी सुरुवातीला धावते. मग तिथून तो ती डब्यातल्या कार्डावर उतरवतो. कार्ड सावकाश लिहितं, म्हणून पट्टी शेवटी रेंगाळते. कधी कधी पट्टी नाहीशी झाल्यावरही मागे उतरवणं चालूच असतं.

आता अशा वेळी वायर ओढली तर काय होईल? पक्की वही अर्धवट राहील आणि कच्ची वही तर गेलीच. ‘कट’ केलेलं असेल तर आणखी वाईट. कॉम्प्युटरला वाटतं की फाइल पोचली, आणि तो मूळ फाइल पुसून टाकतो. ती रिसायकल बिनमध्येही जात नाही. आमच्या सहाव्या ओवीचं हेच झालं.

म्हणून पहिला नियम: डबा भरताना कधीही ‘कट’ नाही, नेहमी ‘कॉपी’. डब्यात फाइल शेवटपर्यंत वाजते हे ऐकल्यावरच कॉम्प्युटरवरची पुसायची की नाही ते ठरवा.

दुसरा नियम: वायर काढण्याआधी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हणा. “आता काढायला हरकत नाही” असा निरोप आला की मगच हात लावा. “अजून वापरात आहे” असं सांगितलं तर उघडी खिडकी, चालू गाणं बंद करा आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारा.

कोण हळू चाललंय?

आता मूळ तक्रारीकडे येऊ. यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. एक, फक्त डबा हळू भरतोय, बाकी कॉम्प्युटर ठीक आहे. दोन, अख्खा कॉम्प्युटरच जड झालाय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

ओळखायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडेल. खाली ‘मोअर डिटेल्स’ असं दिसलं तर त्यावर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतील. हजेरीपत्रक समजा: कोण किती कामात आहे, ते इथे कळतं.

तिन्ही आकडे कमी असतील आणि तरी डबा भरत नसेल, तर कॉम्प्युटर बिचारा वाट बघतोय. दोष डब्यात, वायरीत किंवा भोकात, म्हणजे पोर्टमध्ये आहे. सीपीयू नव्वदच्या वर असेल तर कॉम्प्युटर दुसरं काहीतरी दळत बसलाय. डिस्क सतत शंभरावर आणि मेमरीही भरलेली असेल तर त्याला बसायला जागा उरलेली नाही. एकेक बघू.

डबा, वायर आणि पोर्ट

बल्ब लागला नाही तर आपण आधी बल्ब बदलून बघतो, मग होल्डर, मग बटण. एका वेळी एकच गोष्ट. इथेही तसंच करा. तीच फाइल, तोच डबा, फक्त पोर्ट बदला. मग फक्त वायर बदला. मग डब्याऐवजी दुसरा पेनड्राइव्ह लावून बघा. जी गोष्ट बदलल्यावर वेग वाढला, ती दोषी.

पोर्टांमध्येही पिढ्या आहेत. जुना यूएसबी १.१ सेकंदाला जेमतेम एक एमबी नेतो. यूएसबी २.० त्याच्या कितीतरी पट वेगवान आहे. यूएसबी ३ चं भोक बहुतेक वेळा आतून निळं असतं. डबा जुन्या पद्धतीचा असेल तर निळ्या पोर्टात लावून तो जास्त पळणार नाही, पण नुकसानही नाही. पुढचं पोर्ट वापरून सैल झालेलं असेल तर चांगला डबाही जुन्या मंद वेगावर येतो. तेव्हा विंडोज कोपऱ्यात सांगतो की हे उपकरण जास्त वेगाने चालू शकतं. तो निरोप दिसला की कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचं पोर्ट वापरा. चार तोंडांच्या हबवर माउस, कीबोर्ड, डबा सगळं लावू नका. डबा थेट कॉम्प्युटरला लावा. वायर शक्यतो डब्यासोबत आलेली घ्या. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यातून फाइल जातच नाही.

मग कार्ड बघा. मेमरी कार्डावर इंग्रजी सी या अक्षराच्या आत एक आकडा असतो: ४, ६ किंवा १०. तो कार्डाचा वर्ग. ४ म्हणजे सेकंदाला किमान ४ एमबी लिहिणार, १० म्हणजे किमान १० एमबी. ४ जीबी भरायला पहिल्याला सतरा-अठरा मिनिटं लागतील, दुसऱ्याला सात. म्हणजे सतरा मिनिटं लागली तर तो बिघाड नाही, ते कार्डच तेवढं आहे. हे माहीत असलं की वायर ओढायचा मोह होत नाही.

रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या ६४ जीबीच्या कार्डांपासून सावध राहा. काही कार्डांत खरी जागा ८ जीबीच असते आणि कॉम्प्युटरला खोटंच ६४ दाखवलं जातं. ८ भरेपर्यंत सगळं ठीक चालतं, पुढच्या फाइल वाजत नाहीत. नवीन कार्ड आणलं की एकदा पूर्ण भरून शेवटची फाइल वाजवून बघा.

फाइल किती जड आहे?

आमचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होता. आमचा रेकॉर्डर आवाज वेव्ह प्रकारात साठवतो. त्यात एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. पंधरा मिनिटांचं एक भाषण म्हणजे १५० एमबी. तेच भाषण एमपीथ्री केलं की साधारण १५ एमबी. दहावा हिस्सा.

आता हिशेब करा. २२ भाषणं वेव्हमध्ये ३३०० एमबी झाली. सैल पोर्टातून सेकंदाला एक एमबी गेले तर एका डब्याला ५५ मिनिटं. चांगल्या पोर्टातून ४ नंबरच्या कार्डावर चौदा मिनिटं. आणि एमपीथ्री करून त्याच कार्डावर? दीड मिनिट. नवीन कॉम्प्युटर नाही, नवीन डबा नाही, एक पैसा खर्च नाही.

वेव्हचं एमपीथ्री करायला ‘ऑडॅसिटी’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फाइल उघडायची, ‘एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन एमपीथ्री निवडायचं. गाण्यासाठी १२८ चा दर ठेवा. नुसत्या बोलण्याला ‘मोनो’ करून ६४ पुरतो, आकार आणखी निम्मा होतो. मात्र ओव्या, मुलाखती यांची मूळ वेव्ह फाइल पुसू नका. डब्यात एमपीथ्री, कपाटात वेव्ह. एमपीथ्रीमधून जो आवाज गाळला जातो तो परत आणता येत नाही.

बारीक फाइलींचीही गंमत आहे. शंभर एमबीची एक फाइल लवकर जाते आणि शंभर एमबीचे हजार फोटो वेळ खातात. प्रत्येक फाइलसाठी नाव, जागा, आकार अशी नोंद वेगळी करावी लागते ना! शंभर रुपयांची एक नोट घेणं आणि शंभर बायांकडून एकेक रुपया घेऊन पावती फाडणं, यात फरक आहेच.

कॉम्प्युटर काय दळतोय?

सीपीयूचा आकडा चढलेला असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’ या शब्दावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. बहुतेक वेळा दोघांपैकी एक सापडतो.

पहिला, गाणी लावायचं सॉफ्टवेअर. विंडोज मीडिया प्लेयरमधून ‘सिंक’ करून डबा भरला तर काही वेळा तो प्रत्येक फाइल आधी डब्याला चालेल अशा प्रकारात बदलत बसतो. त्यात सगळी ताकद जाते. उपाय सोपा आहे. ते सॉफ्टवेअर बंद करा, फाइलींचं फोल्डर उघडा आणि तिथून थेट कॉपी-पेस्ट करा. काही डब्यांच्या सेटिंगमध्ये एमटीपी आणि एमएससी असे दोन पर्याय असतात. एमएससी निवडलं की डबा साध्या पेनड्राइव्हसारखा दिसतो.

दुसरा, अँटीव्हायरस. तो प्रत्येक फाइल तपासूनच पुढे सोडतो. त्याला बंद करू नका, ही कळकळीची विनंती. गावागावांतून, दुकानादुकानांतून फिरून आलेला डबा म्हणजे व्हायरसची बैलगाडी. डबा लावला की आधी त्याला तपासून घ्या, तपासणी संपू द्या, मग कॉपी सुरू करा. दोन्ही एकदम चाललं की दोन्ही रखडतात. डब्यातल्या फोल्डरांच्या जागी एकदम ‘शॉर्टकट’ दिसू लागले तर त्यांवर क्लिक करू नका. बहुतेक वेळा फाइली आत लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. म्हणून घाबरून फॉरमॅटही मारू नका. अँटीव्हायरस चालवा आणि जाणकाराला दाखवा.

बसायला जागा नाही

डिस्क शंभर टक्क्यांवर, मेमरी भरलेली, हे ४ जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरचं नेहमीचं दुखणं. रॅम भरली की तो जास्तीचं सामान हार्डडिस्कवर ठेवतो आणि लागेल तसं परत आणतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाहुणे आले की आपण पलंगाखालचं सामान बाहेर आणि बाहेरचं आत करत राहतो, तसं. सगळा वेळ त्यातच जातो.

अशा वेळी ब्राउझर बंद करा. त्यात पंधरा पानं उघडी असतात, ती सर्वांत जास्त जागा खातात. कॉम्प्युटर चालू केल्या केल्या डबा लावू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं विंडोजची स्वतःची कामं, अपडेट, तपासण्या चाललेल्या असतात. तोवर हजेरी घ्या, चहा घ्या. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. रिसायकल बिन रिकामी करा, जुनी रेकॉर्डिंगं बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवा. अर्थात आधी कॉपी, मग तपासणी, मगच पुसणं.

एवढं करूनही अडत असेल आणि हार्डडिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ते धोक्याचं लक्षण आहे. डबा बाजूला ठेवा आणि महत्त्वाच्या फाइली त्याच दिवशी दुसरीकडे घ्या.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं

आमच्याकडे कॉम्प्युटर अडला की बायका हात मागे घेतात. “माझ्याकडून काहीतरी बिघडलं” म्हणतात आणि कुणाचा तरी मुलगा येईपर्यंत थांबतात. मुलगा येतो, वायर ओढतो आणि जातो. पाच हजारांच्या कर्जाचा हप्ता, व्याज, दंड तोंडी सांगणाऱ्या बाईला टास्क मॅनेजरचे तीन आकडे वाचता येणार नाहीत, असं नसतं. तिला कुणी ते दाखवलेले नसतात, एवढंच. तुमच्या ग्रामसंघाच्या किंवा लोकसंचलित साधन केंद्राच्या कार्यालयात कॉम्प्युटर असेल, तर पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि प्रत्येकीला एकदा तरी डबा स्वतः भरू द्या.

आम्ही आमच्या कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलाय. तुम्हीही मोठ्या अक्षरांत लिहून लावा:

१. कट नाही, कॉपी.
२. आधी व्हायरस तपासणी, मग भरणं.
३. जड फाइल आधी एमपीथ्री करा, मूळ फाइल ठेवा.
४. पट्टी थांबली तर तीन आकडे बघा.
५. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.
६. इजेक्ट म्हटल्याशिवाय वायर काढायची नाही.
७. शेवटची फाइल शेवटपर्यंत वाजवून बघा.

आणि आजींचं? मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने गावाहून येताना घरचं छोटं जातं टेम्पोत घालून आणलं. आजींना त्याच्यापुढे बसवलं, मूठभर तांदूळ घातले. सहावी ओवी काही पूर्ण आली नाही, पण दोन ओळी आल्या, आणि त्यांच्यामागून दुसऱ्या तीन ओव्या, ज्या आम्ही कधी ऐकल्याच नव्हत्या. त्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत: कॉम्प्युटरवर, बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि डब्यात.

तुमच्याही गटात अशा आजी असतील. त्यांना गायला सांगा, रेकॉर्ड करा, आणि पट्टी रेंगाळली तर रेंगाळू द्या.